शंभर टक्के रुग्ण बरे

‘जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील प्रौढ व्यक्तींमधील आहारविकृतीचे संपूर्ण निर्मूलन करण्यात आले असून, संवाद-उपचाराचा लाभ घेतलेले शंभर टक्के रुग्ण बरे झाले आहेत.’ अभियानाच्या समारोप-अहवालात हे वाक्य पहिल्याच पानावर चौकटीत छापलेले आहे. वाक्यात असत्य काही नाही. फक्त प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा घ्यावा लागतो. शंभर टक्के रुग्ण म्हणजे एक रुग्ण. बरी झाली म्हणजे निलंबित झाली. निर्मूलन म्हणजे निलंबनकाळातील तिचे मुख्यालय तिसऱ्याच तालुक्यात ठेवण्यात आले, त्यामुळे ती या दोन तालुक्यांच्या हद्दीबाहेर गेली. आजारही अर्थातच तिच्याबरोबर गेला, परंतु आजाराची हद्द अहवालाच्या कक्षेत येत नाही.

अभियानाचे नाव होते ‘बोला, खा, पुढे चला’. मूळ कल्पना महानगरांसाठीची. समोर अन्न असताना ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, किंवा उतरला तर त्याची शिक्षा जी स्वतःला देत राहतात, अशा प्रौढ माणसांनी प्रशिक्षित व्यक्तीशी ठरावीक वेळी, बंद खोलीत, निर्धास्तपणे बोलावे. पुष्कळदा त्याने माणूस सावरतो. आजार खरा आहे आणि उपचारही खरा आहे. साऱ्या अभियानात खऱ्या असलेल्या गोष्टी याच दोन होत्या, आणि नेमक्या त्यांचीच तरतूद केलेली नव्हती.

महानगरांसाठीचे परिपत्रक मोखाड्याला कसे आले, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. परिपत्रक सर्वत्र जाते. पाऊसही इतका समदर्शी नसतो. प्रथेप्रमाणे आधी सर्वेक्षण झाले. ‘आपण कधी जेवण टाळता काय?’ हा त्यातला पहिला प्रश्न. दाभोश्याकडच्या एका पाड्यावर लक्ष्या नावाच्या शेतकऱ्याने त्यावर थोडा विचार केला आणि सांगितले की आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत टाळतो, कापणी झाली की टाळत नाही. हे उत्तर इतक्या घरांतून आले की आहारविकृतीच्या नकाशावर दोन्ही तालुके लाल झाले. तेव्हा आजाराची व्याख्या तातडीने दुरुस्त करण्यात आली. अन्न उपलब्ध नसल्यामुळे न जेवणारी व्यक्ती ही रुग्ण नसून लाभार्थी आहे, व ती दुसऱ्या विभागाची आहे, असे स्पष्टीकरण निघाले. रुग्ण होण्यासाठी पोटभर खाण्याची ऐपत असल्याचा दाखला आवश्यक ठरला.

या अटीवर दोन्ही तालुके एका दिवसात बरे झाले. आता अडचण उलटी झाली. समुपदेशक नेमलेला, खोली ठरलेली, फलक छापलेले, आणि रुग्ण नाही.

रुग्ण आपण होऊन आली. तिचे नाव पुष्पलता. मोखाड्यापासून पुढे घाटात असलेल्या एका आश्रमशाळेची ती अधीक्षिका. म्हणजे निवासी मुलींची झोप, आंघोळ, आजारपण, रडणे आणि जेवण यांची जबाबदार कर्मचारी. जन्म दाभोश्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर, शिक्षण आश्रमशाळेतच. पगार नियमित असल्याने ऐपतीचा दाखला तिला सहज मिळाला. दाखला देणाऱ्याने एवढेच विचारले, की मॅडम, तो नेमका कशासाठी हवा आहे. आजारी पडायचे आहे, असे तिने सांगितले. त्याने शिक्का मारला.

तिच्या कामातला एक भाग येथे सांगणे भाग आहे. मुलांना वाढण्यापूर्वी जबाबदार कर्मचाऱ्याने सर्वांसमक्ष अन्नाची चव घ्यावी, असा नियम आहे. तो विषबाधेच्या कटू अनुभवांतून आला आहे आणि चांगला आहे. शाळेत ही चव पुष्पलताने घ्यायची. मुले ताटे पुढे घेऊन रांगेत बसत, मुख्याध्यापक एका बाजूला उभे राहत, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर असत. पुष्पलता ताट घेई, घास उचली, आणि काहीतरी आठवल्यासारखी कोठीघरात जाई. तिथे तो घास स्वयंपाकीण कोंडीमावशी खाई.

“बाय, आज तरी तुम्ही घ्या,” कोंडीमावशी म्हणे.

“ठेव. मी मग घेते.”

“तुमचा मग काय उजाडत नाय.”

कोंडीमावशी चव मात्र मन लावून घेई. खिचडी करपली, डाळीला वास आला, तेल जुने निघाले, तर ती परत करायला लावी. त्या शाळेत कुणाचे पोट कधी दुखले नाही. नियमाचा हेतू असा रोज पाळला जात होता; मोडत होता तो फक्त नियम.

पुष्पलता स्वतः जेवत नव्हती असे नाही. ती कधी जेवते, हे कुणाला ठाऊक नव्हते. दार लावून, दिवा मालवून ती काय खाई आणि त्यातले किती पोटात ठेवी, हे तिचे तिलाच माहीत. तिच्या गालांची हाडे वर येत चालली होती. मुली तिला ‘काटकी मॅडम’ म्हणत, प्रेमानेच. सहकारी शिक्षिका तिला वजन कमी करण्याची युक्ती विचारत, त्याही प्रेमानेच. मोखाड्यात बाजाराच्या दिवशी तिला अभियानाचा फलक दिसला. त्यावर लिहिले होते, की आपण बोललेले सर्व गुप्त राहील. फलकाच्या उरलेल्या भागात एका लहान, हाडकुळ्या मुलीचे छायाचित्र होते. अभियान प्रौढांसाठी होते. पण उपाशी चेहरा म्हणून कार्यालयाच्या संगणकात तेवढाच होता. तीच मुलगी यापूर्वीच्या कित्येक योजनांच्या फलकांवरही होती. योजना आल्या, गेल्या, निधी खर्च झाला, समारोप झाले. ती मुलगी मात्र सगळ्यांतून उपाशीच राहिली. पुष्पलता त्या फलकासमोर बराच वेळ उभी होती, असे जीपवाल्याने पुढे सांगितले. जीप भरली तरी ती चढेना, म्हणून त्याच्या लक्षात राहिले.

उपचाराची खोली एका सरकारी इमारतीत होती. एरवी तिथे लहान मुलांचे वजन करण्याचे झोळीचे जुने काटे ठेवत. ते छतालगतच्या आकड्यांना तसेच लटकत होते. समुपदेशक तुषार हा ठाण्याहून आलेला कंत्राटी तरुण. त्याला समोरच्याचे ऐकून घेता येत असे, आणि ऐकताना गप्प बसता येत असे. सरकारी इमारतीत हे कौशल्य दुर्मीळ आहे. पहिल्याच दिवशी पुष्पलताने भिंतीवरचा अभियानाचा फलक काढता येईल का, असे विचारले. फलक काढण्यास परवानगी लागते. तुषारने त्यावर आपला रेनकोट अडकवला. मग ती बोलू लागली.

ती काय बोलली ते येथे सांगता येत नाही, कारण तुषारने ते कुणाला सांगितले नाही. बाजाराच्या दिवशी ती येई, बोले आणि जीपने परत जाई. पावसाळा ओसरून भात पिवळे पडू लागले त्या सुमारास एका संध्याकाळी तिने कोंडीमावशीकडे भाकरी मागितली. कोंडीमावशीने नागलीची अर्धी भाकर आणि लसणाची चटणी दिली, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली.

“मी नाय बघत,” ती म्हणाली. “चुलीला डोळे नसतात, मलाबी नाय.”

पुष्पलताने ती भाकर खाल्ली. दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीत, पाठमोऱ्या का होईना. काही दिवसांनी कोंडीमावशी अर्धी वळून बसू लागली. दोन तालुक्यांतील अभियानाचे एवढे एकच यश. ते अहवालात नाही, कारण त्याचे छायाचित्र नाही.

याच सुमारास विस्तार अधिकारी हरेश यांनी अभियानाचा आढावा घेतला. हरेश दुष्ट नव्हते. डोंगरातल्या शेतकरी घरातून पहिले सरकारी नोकरीत आलेले, वक्तशीर, लाच न घेणारे. ज्या गोष्टीचा पुरावा नाही ती घडली असे मानण्याची चूक त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी तुषारला बोलावले.

“तुम्ही लिहिता, रुग्ण बोलते. कोणी ऐकलं?”

“मी ऐकलं, सर.”

“तुम्ही तर उपचार करणारे. विहीर खोदणाऱ्यानंच पाणी लागलं म्हणून सांगायचं का?”

तुषारने समजावले की या उपचारात खोलीत तिसरा माणूस नसतो, तोच उपचार असतो. हरेश यांनी हे शांतपणे ऐकले आणि बोलण्याचा पुरावा म्हणून प्रत्येक वेळी रुग्णाचे बोलत असतानाचे छायाचित्र पाठवण्यास सांगितले. छायाचित्रे गेली. त्यांत तोंड उघडे दिसत होते, पण उघडे तोंड जांभईचेही असू शकते, असा शेरा आला. मग दोन पंचांसमक्ष बोलावे असे ठरले. पंच म्हणाले, आम्हाला ऐकू आले, पण ते उपचाराचे बोलणे होते की साधे, हे आम्ही कसे सांगणार. हा आक्षेप रास्त होता. म्हणून समिती नेमली गेली.

समितीच्या पहिल्या बैठकीस हरेश, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक आणि आणखी काही जबाबदार व्यक्ती उपस्थित होत्या. समितीला चहा आणि कांदाभजी होती. घोषवाक्य झाकले जाते म्हणून फलकावरचा रेनकोट काढण्यात आला. पुष्पलताला फलकाखालीच खुर्ची दिली.

“मोकळेपणानं बोला, मॅडम,” हरेश म्हणाले. “फक्त जरा आटोपशीर. पुढं दुसरी बैठक आहे.”

मुख्याध्यापक भला माणूस होता. तिला धीर यावा म्हणून त्याने सोपा प्रश्न विचारला.

“बरं, आमच्यासारख्या चारचौघांत बसून शेवटचं कधी जेवलात तेवढं सांगा.”

या खोलीत खरे बोलावे, असे तिला कित्येक आठवडे सांगण्यात आले होते. ती खरे बोलली.

“कधीच नाही, सर. नोकरीला लागल्यापासून तर एकदाही नाही.”

हरेश यांनी हातातले भजे बशीत ठेवले.

“मग शाळेत चव कोण घेतं?”

त्या क्षणी उपचार संपून चौकशी सुरू झाली. एकही खुर्ची हलवावी लागली नाही. जी माणसे तिच्या आरोग्यासाठी जमली होती तीच तिच्या गैरवर्तनासाठी पुरेशी होती. गणपूर्तीचा प्रश्न आला नाही. तुषारने हरकत घेतली, की येथे बोललेले गुप्त राहील असे लेखी वचन दिलेले आहे. ते पाळलेच जाईल, असे हरेश म्हणाले, आणि त्यांनी फाईलवर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून घेतला. त्यानंतर ती फाईल सात टेबलांवरून गेली.

कोंडीमावशीला विचारण्यात आले. तिने सांगितले की चव रोज घेतली जाते, मीच घेते, आणि पोरे धडधाकट आहेत. हे उत्तर मुद्द्याला सोडून असल्याची नोंद झाली. चव घेतली गेली की नाही हा प्रश्नच नव्हता. अधीक्षिकेने घेतली की नाही, हा होता.

तरीही हरेश यांनी मार्ग काढला, आणि तो काढताना त्यांच्या मनात तिचे भलेच होते. पुढच्या आठवड्यात वरून पाहुणे अभियान पाहण्यास येणार होते. पुष्पलताने त्यांच्यासमोर, शाळेच्या अंगणात, मुलांना वाढण्यापूर्वी खिचडीचा एक घास खावा. खाल्ला तर ती बरी झाली, मागचे माफ. नाही खाल्ला तर निलंबन.

“एक घासच तर आहे, मॅडम,” ते तिला म्हणाले. “एका घासात तुम्ही बऱ्या, मी मोकळा, आणि तालुका शून्यावर.”

तुषारने वेळ मागून घेण्याचा प्रयत्न केला. भाकरीचे त्याला ठाऊक होते. एक माणूस अर्धा वळून बसतो, तर पुढे पूर्ण वळेल, मग दुसरा येऊन बसेल, असे तो म्हणाला. त्याला किती महिने लागतील, असे हरेश यांनी विचारले. तुषारला सांगता आले नाही. त्याच्या स्वतःच्या कंत्राटाची मुदत मात्र सगळ्यांना सांगता येत होती.

तो दिवस आला. मुले सकाळपासून अंगणात बसवली होती, कारण पाहुणे कोणत्याही क्षणी येणार होते. पाहुण्यांनी वाटेत शिरपामाळ पाहायचे ठरवले. तिथे दऱ्या सुंदर दिसतात, वाराही छान असतो. खिचडी शिजून झाकून ठेवली होती. चव घेतल्याशिवाय वाढता येत नव्हते, आणि पाहुणे आल्याशिवाय चव घेता येत नव्हती. लहान मुली ताटे पालथी घालून त्यांवर बोटांनी ताल धरू लागल्या, मग तेही थांबले. एक पोर बसल्या जागी कलंडून झोपले. अशा रीतीने भूक नसलेल्या आजारावरील कार्यक्रमाची पूर्वतयारी म्हणून सगळी शाळा उपाशी ठेवण्यात आली, आणि हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे घड्याळाकडे पाहत होते.

‘कुटुंबाचा सहभाग’ या शीर्षाखाली पुष्पलताची म्हातारी आई फागी हिला पाड्यावरून जीपने आणून पहिल्या रांगेत बसवले होते. फागीला डोळ्यांनी कमी दिसत होते. पुढे काय चालले आहे, हे ती शेजारच्यांना विचारून घेत होती. साहेब येणार आहेत आणि फोटो काढणार आहेत, एवढे तिला समजले. तिने मान डोलावली. तिच्या ओळखीचा कार्यक्रम होता.

उन्हे कलू लागली तेव्हा पाहुणे आले. दीप लागला, स्वागत झाले. मंचाच्या मागे ती हाडकुळी मुलगी आता भिंतीएवढी झाली होती. तिच्यापुढे पुष्पलता ताट घेऊन उभी राहिली. कॅमेरे आले. तिने घास उचलला. तो ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शेकडो मुले तिच्या हाताकडे बघत होती, आणि आज त्यांचे बघणे नुसते कुतूहलाचे नव्हते. तिने घास खाल्ल्याशिवाय त्यांना घास नव्हता. हे तिला सगळ्यांत जास्त कळत होते. कॅमेऱ्याचा दिवा लखलखला. पुन्हा लखलखला.

तो उजेड फागीला दिसला.

“फोटू झाला, बाय,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, पोराला समजवावे तशी. “फोटू झाला. आता खा.”

हरेश यांना गहिवरून आले. कुटुंबाचा सहभाग इतका अचूक त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पुष्पलताने आईकडे पाहिले, घास ताटात परत ठेवला, आणि ताट जमिनीवर.

कोंडीमावशी पुढे आली. तिने ते ताट उचलले, तोच घास सगळ्यांदेखत खाल्ला, सावकाश चावला.

“चव बरी हाय,” ती म्हणाली. “वाढा रे पोरांना.”

विहित अधिकार नसताना जाहीररीत्या चव घेतल्याबद्दल तिला नोटीस मिळाली. मुले जेवली. पाहुण्यांचे जेवण जव्हारला सांगितलेले असल्याने ते निघाले. तुषारच्या कंत्राटाची मुदत वाढली नाही. अभियान मात्र कागदोपत्री पूर्णच व्हायचे राहिले होते, म्हणून त्याच संध्याकाळी पुष्पलताचा जबाब घेण्यात आला. अपचारी कर्मचाऱ्याचा कबुलीजबाब शब्दशः जोडावा, असा नियम आहे, आणि हरेश यांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला नव्हता. तो अहवालाच्या शेवटी आहे, तसाच येथे देत आहे.

‘मी पुष्पलता, अधीक्षिका, असा जबाब देते की, मी चव घेतलेली नाही, हे खरं आहे. मी लहान असताना आमच्या पाड्यावर साहेब आणि फोटोवाले यायचे. ते यायच्या दिवशी आई मला सकाळपासून काही द्यायची नाही. घरात नागली असली तरी नाही. खाल्लेलं पोर फोटोत बरं दिसत नाही, असं तिला एका चांगल्या माणसानं सांगितलं होतं. तो खोटं बोलला नाही. माझा फोटो पेपरात आला, मग दूध पावडर आली, घोंगड्या आल्या, पुढं रस्ताही आला. फोटो काढून झाला की आई म्हणायची, फोटू झाला, आता खा. मी खायला लागले की बघायला कोणी थांबायचं नाही. आपल्या फलकावर जी मुलगी आहे ती मी आहे. हे मी फक्त तुषार सरांना सांगितलं होतं. यात आईचा दोष नाही, तिनं पाडा जगवला. मला अजून असं वाटतं, की कोणी माझ्याकडे बघत असताना मी खाल्लं, तर ते लोक उठून जातील. हा जबाब मी कोणाच्याही दबावाखाली दिलेला नाही. जो कोणी हा वाचतो आहे, तो मी जेवत नाही म्हणूनच इथपर्यंत वाचत आला आहे. वाचून झालं असेल तर आता जरा तिकडं बघा. मला जेवायचं आहे.’